न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग : चरित्र व बोध

आपल्या ज्ञातीत जन्मास आलेल्या थोर पुरुषांचा अभिमान आपणां सर्वांस आहे व तो असावा हेही योग्यच आहे. परंतु अभिमानाने नाव घेणे निराळे आणि चरित्र समजून घेणे निराळे. आमच्या पिढीने कै. न्यायमूर्ती तेलंग यांचे नाव लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले. आजच्या तरुण पिढीपैकी पुष्कळांस तेवढेही ऐकावयास मिळालेले नाही. अवघे त्रेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या पुरुषाने वकिली, न्यायदान, संस्कृत विद्या, शिक्षण आणि राजकारण या पाचही क्षेत्रांत पहिल्या पंक्तीचे स्थान मिळविले. त्यांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींसमोर यथामति ठेवावे आणि त्यांच्या गुणांबरोबर त्यांच्या आयुष्यातील एका उणिवेचाही विचार करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. उणीव झाकून लिहिलेले चरित्र वाचनीय होते, परंतु उपयोगी पडत नाही असे आमचे मत आहे.

बालपण व गुरुलाभ

काशिनाथपंतांचा जन्म मुंबईस १८५० साली ऑगस्ट महिन्यात एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. पाचव्या वर्षी त्यांस अमरचंद वाडीतील मराठी शाळेत घालण्यात आले आणि १८५९ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. या शाळेत त्यांस जो गुरू लाभला त्याचा उल्लेख आपल्या जिल्ह्यातील वाचकांसाठी विशेष आवर्जून करावयास हवा. नारायण महादेव परमानंद, ज्यांस पुढे सारा महाराष्ट्र मामा परमानंद या नावाने ओळखू लागला, ते या शाळेत शिक्षक होते. मामांचा जन्म १८३८ साली तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील माणगाव येथे झाला. कुडाळ तालुक्यातील हे गाव आज आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. गुरुशिष्यांच्या वयात अंतर अवघे बारा वर्षांचे. पुढे हे नाते गाढ स्नेहात परिणत झाले व अखेरपर्यंत टिकले. १८९३ सालच्या सप्टेंबर महिन्यात प्रथम शिष्य आणि त्यामागून थोड्याच दिवसांत गुरू असे दोघेही हे जग सोडून गेले.

शिक्षकाच्या हातून विद्यार्थ्यास काय मिळते याचा हिशेब मांडता येत नाही. तथापि कोणतीही गोष्ट मूळ ग्रंथ पाहिल्याविना मान्य करावयाची नाही आणि आपले मत दुसऱ्याचा मान राखून पण स्पष्टपणे मांडावयाचे, या दोन सवयी तेलंगांच्या पुढील साऱ्या कार्यात दिसून येतात. अशा सवयी लागतात त्या शाळेच्या वयातच, असे आमचा जन्मभराचा व्यवसाय आम्हांस सांगतो.

विद्यार्थिदशेत त्यांनी संस्कृतासाठी असलेली भगवानदास शिष्यवृत्ती मिळविली. एल्फिन्स्टन कॉलेजात ते फेलो झाले आणि एम. ए. व एलएल. बी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या.

वकिली

त्या काळच्या हायकोर्टाची रचना समजल्याखेरीज तेलंगांच्या यशाची किंमत कळणार नाही. हायकोर्टाचे दोन विभाग होते. जिल्ह्याच्या कोर्टांवरील अपिले ज्या विभागात चालत तेथे एतद्देशीय वकील काम करीत. परंतु मुंबई शहरातील मोठमोठे दावे ज्या मूळ शाखेत चालत तेथे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या युरोपियनांचेच वर्चस्व होते. विलायतेस न जाता या शाखेत शिरावयाचे तर न्यायाधीशांनी ठरविलेली कठीण परीक्षा द्यावी लागे. बाळ मंगेश वागळे यांनी हा मार्ग प्रथम मोकळा केला. त्यांच्या पाठोपाठ ती परीक्षा उत्तीर्ण होऊन तेलंगांनी १८७२ साली आपले नाव ॲडव्होकेट म्हणून नोंदविले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

त्यांचे इंग्रजीवरील प्रभुत्व इंग्रजांनीही वाखाणावे असे होते. परंतु त्यांचे खरे बळ संस्कृतात होते. हिंदु कायद्याचा प्रश्न निघाला म्हणजे युरोपियन बॅरिस्टरांस भाषांतरांवर विसंबून राहावे लागे. तेलंग मूळ वचन काढून त्याचा अन्वय लावून दाखवीत. हिंदूंचे वारसा, दत्तक, वाटणी इत्यादी प्रश्न तेव्हा याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका आणि नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख या ग्रंथांच्या आधारे सोडविले जात. गुजरातेत, मुंबई बेटात व उत्तर कोकणात मयूखास अग्रस्थान असे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मात्र मिताक्षरेचे प्रामाण्य असे. म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याकडील माडाच्या बागांच्या व सामाईक घरांच्या वाटण्या ज्या ग्रंथावरून होत, त्याच ग्रंथात तेलंगांची गती असामान्य होती. लवकरच त्यांची वकिली भरभराटीस आली. मध्यंतरी सरकारी नोकरीचे बोलावणे आले असता त्यांनी ते नाकारले.

विद्याव्यासंग

वकिलीच्या धबडग्यात माणसाचे वाचन सुटते असा सामान्य अनुभव आहे. तेलंगांचे तसे झाले नाही. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने रामायणावर होमरच्या काव्याची छाया असल्याचे मत मांडले होते. त्यास तेविशीतील तेलंगांनी १८७३ साली निबंध लिहून उत्तर दिले. या निबंधात रागाचा किंवा नुसत्या स्वाभिमानाचा अंश नाही. एकेक पुरावा घेऊन तो टिकत नाही हे दाखविले आहे. पुढील वर्षी भर्तृहरीच्या नीतिशतक व वैराग्यशतकाची त्यांनी संपादिलेली आवृत्ती निघाली. १८७५ साली त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले आणि १८८२ साली मॅक्समुल्लर यांच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेच्या आठव्या खंडात गीता, सनत्सुजातीय व अनुगीता यांचे त्यांचे गद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. १८८४ साली मुद्राराक्षस नाटकाची त्यांची आवृत्ती बाहेर पडली. मराठीतही त्यांनी लेखन केले. लेसिंग या जर्मन नाटककाराच्या नाटकाचे शहाणा नेथन हे त्यांचे भाषांतर प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हा या नाटकाचा विषय असल्यामुळे ही निवड तेलंगांच्या स्वभावास साजेशीच म्हटली पाहिजे. मराठ्यांच्या बखरींतून त्यांनी वेचून काढलेल्या सामाजिक माहितीचा निबंध त्यांच्या निधनानंतर १९०० साली न्यायमूर्ती रानडे यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथास जोडून प्रसिद्ध झाला.

सार्वजनिक कार्य

फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि काशिनाथपंत तेलंग ही त्या काळच्या मुंबईतील त्रिमूर्ती होती. पारशी, मुसलमान व हिंदू असे हे तीन मित्र १८८३ साली इल्बर्ट बिलाच्या वादात एका व्यासपीठावर उभे राहिले. हिंदी न्यायाधीशापुढे युरोपियन आरोपीचा खटला चालू शकावा एवढाच त्या बिलाचा मुद्दा असता युरोपियन समाज खवळून उठला होता. १८८५ सालच्या आरंभी या तिघांच्या पुढाकाराने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना झाली. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत बहात्तर प्रतिनिधींच्या उपस्थितीत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा कायदेमंडळांत लोकनियुक्त सभासद असावेत हा महत्त्वाचा ठराव मांडण्याचे काम तेलंगांकडे आले. तत्पूर्वी १८८४ सालीच सरकारने त्यांस मुंबईच्या कायदेमंडळावर नेमले होते.

१८८२ साली सरकारने नेमलेल्या शिक्षण कमिशनचे ते सभासद होते. हे कमिशन हंटर कमिशन या नावाने ओळखले जाते. सरकारी व खाजगी कॉलेजांतून नीतिशिक्षणाचे एक पाठ्यपुस्तक लावावे आणि नीतीवर व्याख्याने द्यावीत अशी शिफारस कमिशनने केली. तेलंगांस ती मान्य झाली नाही. नीती पुस्तकातून व व्याख्यानांतून शिकविता येत नाही, ती विद्यालयाच्या एकंदर वातावरणातून यावयाची, अशा आशयाची स्वतंत्र भिन्नमतपत्रिका त्यांनी जोडली. आम्ही नीतिपाठ शिकविण्यात बरीच वर्षे घालविली आहेत, आणि तेलंगांचे म्हणणे खरे होते अशी साक्ष देण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

न्यायासनावर

१८८९ साली न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांच्या निधनानंतर तेलंगांची मुंबई हायकोर्टाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. वय एकुणचाळीस. न्यायाधीश झाल्यावर राजकारणातून त्यांस अंग काढून घ्यावे लागले. देशाच्या दृष्टीने हे नुकसान होते असे त्या वेळी पुष्कळांस वाटले. परंतु हिंदु कायद्याच्या दृष्टीने तो मोठाच लाभ ठरला, कारण शास्त्राच्या मूळ वचनांचा अर्थ लावण्यास समर्थ असा पुरुष प्रथमच त्या आसनावर बसला होता असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांच्या न्यायपद्धतीचा नमुना म्हणून १८९१ सालचा आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा एकच खटला पाहू. प्रश्न असा होता: एखाद्याचा बाप आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र राहत असून त्यास विभक्त व्हावयाचे नाही, अशा वेळी बापाच्या हयातीत व त्याच्या संमतीवाचून मुलास वडिलोपार्जित मिळकतीत वाटणी मागता येईल काय? आपल्याकडील कोणत्याही सामाईक घरात उद्भवू शकेल असा हा प्रश्न आहे. पूर्णपीठापुढे त्याचा विचार झाला आणि बहुमताने उत्तर नकारार्थी दिले. एकट्या तेलंगांनी विरुद्ध मत नोंदविले. वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मतः निर्माण होतो व तो बापाच्या हक्काबरोबरीचा असतो हे मिताक्षरेचे मूलतत्त्व आहे. तेव्हा जो हक्क बापाच्या मर्जीने मिळालेला नाही तो मागण्यासाठी बापाची मर्जी कशास हवी, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. बहुमत हाच निर्णय ठरला व मुंबई इलाख्यात तोच चालला. तथापि हिंदु कायद्याच्या ग्रंथकारांस तेलंगांचे भिन्नमत कधी डावलता आले नाही. त्याची चर्चा आजही होते.

ज्येष्ठ सहकारी एका बाजूस असता कनिष्ठ न्यायाधीशाने एकट्याने दुसऱ्या बाजूस उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. तेलंगांनी ती कोठेही कडवट शब्द न वापरता केली.

१८९२ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष निवडले गेले. ही दोन्ही पदे त्यापूर्वी एकाही हिंदी गृहस्थास मिळालेली नव्हती. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. १ सप्टेंबर १८९३ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. हायकोर्टातील त्यांच्या जागी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आले. विद्यापीठाच्या कुलगुरुपदी मालवणात जन्मलेले आपले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले.

घरातील कसोटी

आता ज्या उणिवेचा आरंभी उल्लेख केला तिच्याकडे वळतो.

१८८५ साली मुंबईस रखमाबाईंचा खटला सुरू झाला. लहानपणी झालेला विवाह आपणांस बंधनकारक नाही, आपण पतीच्या घरी नांदावयास जाणार नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या कायदेपंडितांत तेलंग होते. पहिला निकाल रखमाबाईंसारखा लागला. अपिलात तो फिरला. १८८७ साली पतीच्या घरी जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा असा हुकूम झाला. अखेर १८८८ साली पतीस दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या व त्यांनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. बालविवाहाने एका बुद्धिमान मुलीच्या आयुष्यावर केवढे संकट आणले हे तेलंगांनी कोर्टात अगदी जवळून पाहिले होते.

असे असूनही तेलंगांनी स्वतःच्या मुलीचा विवाह अगदी कोवळ्या वयात करून दिला.

त्या काळी यावर पुष्कळ टीका झाली. विरोधकांनी उपहास केला आणि सुधारकांस मान खाली घालावी लागली. घरातील वडील मंडळींची इच्छा, स्त्रीवर्गाचा आग्रह व ज्ञातीतील रूढी यांच्यापुढे ते नमले. याचे बीज त्यांच्या विचारसरणीतही सापडते. १८८६ साली सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे काय, या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले होते. जेथे विरोध कमी तेथून पुढे जावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. राज्यकर्त्यांशी वाद घालताना तर्क उपयोगी पडतो. घरच्या माणसांशी व हजार वर्षांच्या रूढीशी वाद घालणे त्याहून अवघड असते. सार्वजनिक कार्यात हे धोरण शहाणपणाचे ठरेलही. परंतु तेच धोरण माजघरात आले म्हणजे विरोध कधीच कमी होत नाही आणि पुढे जाण्याचा दिवस कधीच उजाडत नाही.

तेलंगांस एकट्यास दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्या जागी आलेल्या रानड्यांनीही १८७३ साली प्रथम पत्नीच्या निधनानंतर, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही, वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला होता. या दोन महापुरुषांशेजारी भांडारकरांस ठेवून पाहावे. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल लोकांचा रोष सहन केला. तिघेही विद्वान, तिघेही सच्छील, तिघेही एकमेकांचे चाहते. घराच्या उंबऱ्याशी जो प्रसंग आला त्यास तिघांनी दिलेली उत्तरे मात्र निरनिराळी.

कमिशनात भिन्नमत लिहिणारा, पूर्णपीठापुढे एकटा उभा राहणारा पुरुष घरात भिन्नमत नोंदवू शकला नाही. कोर्टात एकटे पडणाऱ्याचे मत निदान निकालपत्रात छापले जाते. ज्ञातीत एकटे पडणाऱ्याच्या घरी कोणी जेवावयास येत नाही, त्याच्या मुलांस स्थळे सांगून येत नाहीत. तेलंगांस नमविणारी शक्ती ती हीच. तेव्हा त्यांच्या उणिवेचा काही वाटा त्या काळच्या आपल्या ज्ञातीनेही उचलावयास हवा, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

आजचा बोध

बालविवाहाचा प्रश्न आज आपल्या घरांतून उरलेला नाही. १९२९ साली मुलीच्या विवाहाचे किमान वय कायद्याने चौदा ठरले आणि १९७८ साली ते अठरा झाले. परंतु सभेत एक व घरात दुसरे हा प्रकार मात्र उरलेला आहे. त्याचे एकच उदाहरण देतो.

वडिलोपार्जित मिळकतीत हक्क जन्मतः येतो, या ज्या तत्त्वासाठी तेलंग एकटे उभे राहिले, तेच तत्त्व कायद्याने पुढे मुलींनाही लागू केले. महाराष्ट्रात १९९४ साली त्याचा आरंभ झाला, २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, आणि मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. असे असता आपल्याकडील किती घरांत वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात व थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. भाऊ ती खुशीने केली असे म्हणतो. एखाद्या बहिणीने मनापासून हक्क सोडला तर त्यात वावगे काही नाही. परंतु जिला नाही म्हणण्याची सोय नाही तिच्या होकारास खुशी म्हणणे न्यायमूर्ती तेलंगांच्या बुद्धीस पटले नसते.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले असून आपल्या जिल्ह्यातील अपिलांसाठी मुंबईस जाण्याची यातायात त्यामुळे टळली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि भावाबहिणींनी कोल्हापूरचा रस्ता धरण्याऐवजी घरीच न्यायाने वागावे हे त्याहूनही आनंदाचे.

यासाठी ज्ञातिसंस्थेस आम्ही एक नम्र सूचना करू इच्छितो. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, शिष्यवृत्त्या, वधूवर मेळावे ही कार्ये संस्था करीतच आहे व ती स्तुत्य आहेत. त्यांच्या जोडीस, जे कुटुंब बहिणीस तिचा वाटा देईल, विधवा लेकीसुनेचा संसार पुन्हा उभा करील, किंवा कर्ज न काढता साधेपणाने कार्य उरकील, त्या कुटुंबाच्या घरी संस्थेच्या चार वडीलधाऱ्या माणसांनी आवर्जून जावे, पंक्तीस बसावे आणि त्याचे नाव या स्मरणिकेत छापावे. यास पैसा लागत नाही. मात्र पुढे कोणी एकटा पडण्याच्या भीतीने मागे हटणार नाही.

काशिनाथपंतांस तसे चार हात लाभले नाहीत. त्यांच्या विद्वत्तेचा वारसा सांगण्याचा अधिकार आपणांस हवा असेल तर त्यांच्या हातून राहून गेलेले कार्य पुरे करण्याची जबाबदारीही आपणच घेतली पाहिजे. ती घेण्याची सद्बुद्धी श्रीकृपेने सर्व ज्ञातिबंधुभगिनींस लाभो, एवढे इच्छून हा लेख पुरा करतो.